टनाला ३६७

पहाटे ३.५०

कोपीबाहेर चूल पेटली आहे. जळण तुराट्यांचं, मधेमधे पाचट. पाचट भसकन पेटतं आणि तसंच विझतं. एक भाकरी भाजेपर्यंत तीनदा सारावं लागतं. मावशी बारा भाकरी करते. सहा फडावर न्यायच्या, सहा कोपीवर सासूला आणि लेकरांना. कोरड्यास बेसनाचं. तेल कमी, तिखट जास्त.

कोपी म्हणजे बांबूच्या काठ्या, वर ताडपत्री, बाजूला वाढ्यांचा कूड. आत वाकूनच शिरावं लागतं. अशा बारा कोप्या तोडून मोकळ्या झालेल्या एका रानात उभ्या आहेत. कळंब तालुका, मांजरेचा काठ. माणसं मात्र भूम तालुक्यातली, बालाघाटाच्या माळावरची. दिवाळी झाली तशी निघाली. जिल्हा एकच, तिकडं कोरडवाहू ज्वारी, इकडं ऊस.

बारा कोप्या म्हणजे बारा कोयते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटाच माणूस आला तर तो अर्धा कोयता.

पहाटे ४.३०

ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॉलीत सगळे उभे. थंडी मरणाची. बायकांनी लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घातलाय, पूर्ण बाह्यांचा. तो थंडीसाठी नाही, उसाच्या पानांसाठी आहे. पानाच्या कडेला करवतीसारखे दात असतात. मावशीनं हात पुढं करून दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक रेघा. "ह्याला औषध न्हाई, भाऊ. हंगाम संपला की आपोआप जातेत."

पहाटे ५.०५

फड अडीच एकरांचा, नदीकडेचा. ऊस उभा नाही, आडवा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात पूर आला तेव्हाच तो झोपला. परंडा-भूमकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. इकडं मांजरेनं काठची रानं धुतली. त्या पुरातून जगलेला हा ऊस एकात एक गुंतून पडलाय. शेंडे वर वळलेत, मधल्या कांड्यांना मुळ्या फुटल्यात.

उभा ऊस तोडणं सोपं. वाकायचं, बुडख्यावर एक घाव, उचलायचा, पाचट खरवडायचं, शेंडा उडवायचा. पडक्या उसाला आधी बुड शोधावं लागतं. मावशीचा नवरा, म्हणजे मामा, गुडघ्यावर बसूनच तोडतात. मोबाइलची बॅटरी कपाळाला रुमालानं बांधलीय. ते तोडतात, मावशी मागून साळते आणि ओळीनं टाकत जाते. जोडीनं एक पात धरली की टोकापर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. नुसता कोयत्याचा खटखट आवाज. बारा कोयत्यांचा मिळून तो सतत चालू राहतो.

"उभ्यात दोन टन पडतंय जोडीला. ह्यात दीड-पावणेदोन झालं तरी लई," मामा म्हणतात.

ऊसतोडीला रोज नाही, टन आहे. किती तास वाकलात याला काही किंमत नाही. काट्यावर किती भरलं तेवढंच खरं.

सकाळी ६.४०

उजाडलं. दहिवरानं कपडे ओले झालेत. मामा बांधावर बसून कोयत्याला कानस लावतात. कोयता कळंबच्या बाजारात घेतलेला, साडेतीनशेचा. हंगामाला दोन लागतात. कानस दीडशेची. कोयता, कानस, मोजे, डोक्याची चुंबळ, सगळं स्वतःचं. मावशीनं चुंबळ जुन्या साडीची वळलीय, ती तेवढी फुकट.

मालक आले. मालक म्हणजे ज्यांचं रान आहे ते. मोटारसायकल बांधावर लावून त्यांनी पहिलं काय केलं, तर तोडलेल्या सरीत उतरून बुडखे पाहिले. "खालून तोडा, खालून. इतभर मागं राहिलं तर माझं वजन जातंय अन् खोडवा बी बिघडतोय." मामा हो म्हणाले. पडक्या उसासाठी मालकांनी टोळीला वर पाच हजार खुशाली कबूल केलीय. ती घेऊ नये, असा नियम आहे. नियम दोघांनाही माहीत आहे.

मालकांचा हिशेब वेगळा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, टनाला ३,५५० रुपये होती, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. "कारखाना मनतो, मजुरी वाढली. पण ती कारखान्याच्या खिशातून जाती का? माझ्याच बिलातून जाती. सातशे-आठशे रुपये जातेत टनामागं." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांचं बी खोटं न्हाई. आडव्या उसात मी सोता एक तास बसू शकत न्हाई."

सकाळी ८.१५

शेजारच्या रानात हार्वेस्टर सुरू झाला. नदीपासून दोन रानं वर, जमीन उंच, ऊस उभा, सरी साडेचार फुटांची, प्लॉट सलग सात एकर. यंत्राला हेच लागतं. एक ओळ तोंडात घेतं, बुडातून कापतं, शेंडा उडवतं, उसाचे वीतभर तुकडे करून बाजूनं चालणाऱ्या ट्रॉलीत फेकतं. पाचट मागं उडतं. पंधरा मिनिटांत ट्रॉली भरते.

टोळीतल्या दोन-तीन पोरांनी मान वर करून पाहिलं. मामांनी पाहिलं नाही. रोज बघतात.

मी तिकडं गेलो. चालक पंढरपूरकडचा, तिशीतला, केबिनमध्ये एसी. यंत्राची किंमत कोटीच्या वर. २०२३ मध्ये राज्यानं नऊशे यंत्रांसाठी योजना काढली. किमतीच्या चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख, जे कमी असेल तेवढं अनुदान. यंत्रावर दोन पाळ्यांत मिळून चार-पाच माणसं. दिवसाला शंभर-सव्वाशे टन. रात्रीही चालतं, पुढं दिवे आहेत.

"टनाला काय मिळतं?"

"मालकाला पाचशेच्या आसपास. मला महिन्याला पगार."

हा आकडा नीट ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यंत्राला टनामागं पाचशेच्या आसपास. खालच्या फडात कोयत्याला ३६७. त्यावर टोळी आणणाऱ्या मुकादमाचं वीस टक्के कमिशन धरलं तरी ४४० होतात. माणूस अजूनही यंत्रापेक्षा स्वस्त आहे. शिवाय यंत्राच्या उसात पाचट जातं म्हणून शेतकऱ्याचं साडेचार-पाच टक्के वजन कापतात.

मग यंत्र आलं कशाला?

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "टोळी वेळेवर येत न्हाई. उसाला तुरा फुटला की वजन घटायला लागतंय. वाट बघून बघून माणूस मशीनला हो मनतो." ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. त्याचं उत्तर आणखी सरळ होतं. मागं एक मुकादम त्याचे सहा लाख उचल घेऊन आलाच नाही. "मशीन महाग हाय, कबूल. पण मशीन उचल घेऊन पळून जात न्हाई."

मजुरी महाग झाली असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. माणसं मिळत नाहीत, असं म्हणाले. ज्याला गावात दुसरं काही मिळतं तो कोयता धरत नाही, आणि पोरांना तर धरायचाच नाही. ही तक्रार मजुरी कमी असल्याची आहे की जास्त असल्याची, ते वाचकांनीच ठरवावं.

सकाळी १०.००

चहा. कोरा, गुळाचा. मुकादम मोटारसायकलवर आला, पोरांसाठी पाच रुपयांचे बिस्किटपुडे आणि मामांना तंबाखूची पुडी घेऊन. पुडीचे दहा रुपये वहीत मांडले जातात. बिस्किटांचे मांडतो की नाही, ते मला कळलं नाही.

मुकादम स्वतः पंधरा वर्षं कोयता चालवलेला. दराचा इतिहास त्याला पाठ आहे. २०१५ ला वीस टक्के वाढले. मग पाच वर्षं नवा करार नाही. २०२० ला, कोरोनाच्या साली, चौदा टक्के. २३९ चे २७३ झाले. मग पुन्हा संप, बैठका, कोयता बंद. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे बसले, साखर संघ आणि मजुरांच्या संघटना बसल्या, आणि चौतीस टक्के ठरले. २७३-७४ चे ३६६-६७. मुकादमांचं कमिशन एकोणीसचं वीस. शेतमजुराचं किमान वेतन सरकार अधिसूचनेनं ठरवतं. ऊसतोडीचा दर असा घासाघीस करून ठरतो, आणि तो हंगाम ऐन भरात असताना ठरला की मजुराच्या पदरात जास्त पडतं.

"तेव्हा साखर संघवाले काय म्हणत होते?"

"मनत हुते, येवढी वाढ दिली तर समदे मशीनकडं जातेन." तो हसला. "मशीन त्याच्या आधीपास्नं येत हुती. चौदा टक्के दिले तवा बी आली, काहीच दिलं न्हाई तवा बी आली."

त्याच्या हसण्यात थोडा धंदाही आहे. जुन्या दरानं त्याला टनामागं बावन्न रुपये सुटायचे, आता त्र्याहत्तर सुटतात. जोखीमही त्याचीच. टोळीतला एखादा कोयता मधेच गावी पळाला तर ट्रॅक्टरवाला त्यालाच धरतो. म्हणून तो सगळ्यांचे मोबाइल नंबर, आधारच्या झेरॉक्स आणि गावातल्या दोन नातेवाइकांची नावं जवळ ठेवतो.

दुपारी १२.१५

जेवण बांधावर. भाकरी, बेसन, कांदा बुक्कीनं फोडलेला, हिरवी मिरची. पाणी ट्रॅक्टरवरच्या निळ्या ड्रममधलं.

जेवता जेवता उचलीचा हिशेब निघाला. जोडीला एक लाख उचल. दसऱ्याच्या आधी घेतली. चाळीस हजार जुन्या देण्यात गेले, पंधरा हजार मोठ्या लेकीच्या कॉलेजात, बाकी बाजार, बियाणं, दवाखाना. हातात काही उरलं नाही.

टोळीतला एक पोरगा बारावी झालेला. त्यानं मोबाइलवर आकडे मारले. एक लाख भागिले ३६७. दोनशे बहात्तर टन. रोज दोन टन पडले तर एकशे छत्तीस दिवस. असा पडका ऊस लागत राहिला तर दीडशेच्या वर.

"अन् जुना दर असता तर?" मी विचारलं.

त्यानं भागिले २७४ केलं. तीनशे पासष्ट टन. एकशे ब्याऐंशी दिवस.

मामांनी घास थांबवला. "पर तवा उचल सत्तर हजार हुती."

पोरानं तेही मारलं. दोनशे पंचावन्न टन.

म्हणजे दर वाढला तशी उचल वाढली, आणि फेडायचे टन सतरानं वाढले. हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मावशी म्हणाली, "दर वाढला मनून तर लाख मिळाले. न्हाईतर लेकीचं कॉलेज सुटलं असतं."

खरी अडचण दिवसांची आहे. पूर्वी हंगाम पाच-पाच महिने चालायचा. आता कारखाने वाढले, त्यांची गाळपक्षमता वाढली. एकट्या या जिल्ह्यात बघा: रांजणीला नॅचरल शुगर, ढोकीला तेरणा, चोराखळी, सोनारी, मुरूम, केशेगाव. ऊस तेवढाच, तोंडं जास्त. २०२४-२५ चा हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चअखेर राज्यातले बहुतेक कारखाने बंदही झाले. कळंबच्या फडात एकशे छत्तीस दिवस कुठून आणायचे? जे फिटत नाही ते पुढच्या साली चढतं. आजारी पडून घरी बसलं तर खाडा, दिवसाला पाचशे, तोही उचलीत जमा.

इथं कामाचे दिवस कमी झालेत, हे खरंच. पण ते कशानं कमी झाले त्याचं उत्तर कोयत्याच्या दरात शोधायला गेलं तर सापडत नाही.

दुपारी १.३०

मी कोपीवर गेलो. मावशीची सासू, म्हणजे आजी, दारात बसलीय, मांडीवर दीड वर्षाचं नातवंड, आणखी दोन पोरं पाचटात लोळतायत. मोठा नातू गावी, हंगामी वसतिगृहात. आजीचं वय अडुसष्ट-सत्तर. बहात्तरच्या दुष्काळात ती पोर होती, खडी फोडायची. "सुकडी मिळायची. पिवळी. चांगली लागायची, भुकंला."

मग लग्न, मग रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत. देशात कुठंही असं काही नव्हतं. आजीला कायदा माहीत नाही, चौकडी माहीत आहे. "चौकडी खांदायची. टिकाव त्यांचा, टोपलं माझं. मोजायला बाबू यायचा, मस्टरवर आंगठा. पाझर तलाव आमीच खांदलाय. आजून हाय."

"मजुरी काय होती?"

"आधी सा रुपय. मंग येकदम बारा झाले."

तिला साल आठवत नाही, पण ते १९८८. राज्यानं शेतमजुरीचं किमान वेतन वाढवलं, सर्वांत खालच्या परिमंडळात सहाचे बारा, आणि हमीची मजुरी त्याच्याशी बांधलेली असल्यानं तीही एका झटक्यात दुप्पट झाली. जगाच्या पाठीवर किमान वेतनाच्या वाढीचा इतका मोठा प्रयोग खेड्यातल्या मजुरांवर फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

"मग? चंगळ झाली?"

"कशाची चंगळ! काम निघना. नाव द्यायला गेलं की मनायचे, आजून मंजुरी न्हाई. एक तलाव हुता, त्यावर चार गावची माणसं. धाकटा दीर पंधरा दिस हेलपाटे घालून मुंबईला गेला."

मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तिघांनी नेमका याच गोष्टीवर १९९३ साली अभ्यास छापला. महिन्यामहिन्याची हजेरी घेतली, हंगामाचे चढउतार वेगळे काढले. मजुरी दुप्पट झाल्यावर हजेरी घसरली होती, आणि जिथं मागेल त्याला काम मिळायचं तिथं आता काम वाटून द्यायची वेळ आली होती. किमान वेतन वाढवू नका म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. त्यांना ते घेऊ द्यावं. आकडे खरे आहेत.

पण आजीला मी सरळच विचारलं. दर वाढला म्हणून काम गेलं का?

तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं. "काम कुटं जातंय? रस्ते हुते, बांध हुते, समदं पडलेलंच हुतं. काम काढलंच न्हाई त्यांनी. पैसा त्येवढाच ठिवला अन् माणसं कमी घेतली."

अर्थशास्त्राच्या वर्गात याला तिजोरीची मर्यादा म्हणतील. दर वाढवणारं सरकार आणि काम काढणारं सरकार एकच होतं, दर वाढवणाऱ्यानं कामाचे पैसे वाढवले नाहीत, हे मात्र आजीनं एका वाक्यात सांगितलं. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ साली किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी चारशेवर फास्टफूडची दुकानं तपासली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी ताडून पाहिलं. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्डना पुढं २०२१ चं नोबेल मिळालं आणि वाद अजून मिटलेला नाही. पैसा कुणाच्या हातातून निघतो आणि त्याच्याजवळ दुसरा काय मार्ग आहे, यावर गोष्ट फिरते. तलावावर एक, बर्गरच्या दुकानात दुसरं, फडात तिसरं.

आजी आता वाढ्यांच्या पेंढ्या बांधायला लागली. गुराखी संध्याकाळी येतो. शेकड्यावर सौदा होतो. मिठामिरचीचं सुटतं.

दुपारी ३.००

तोडणी थांबली, मोळ्या सुरू झाल्या. दहा-बारा उसांची मोळी, वाढ्यानंच आवळायची. मावशी गुडघा रोवते, वाढं पिळते, गाठ मारते. एका मोळीला अर्धं मिनिट. वाकड्या उसाची मोळी नीट बसत नाही, दोनदा सुटली.

कारखान्याचा चिटबॉय येऊन गेला. स्लिपवर मालकाचं नाव, गट नंबर, उसाची जात, वाहनाचा नंबर. टोळीचा हिशेब मुकादमाच्या नावावर. मुकादमाच्या वहीत कोयत्यापुढं मामांचं नाव. मावशीचं नाव यातल्या कुठल्याच कागदावर नाही. निम्मा ऊस तिचा आहे, मोळ्या सगळ्या तिच्या आहेत. हे मी बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "नाव टाकून का वजन वाढतंय?" आणि पुढची मोळी आवळली.

सायंकाळी ५.१५

भरणी. दिवसातलं सगळ्यात वाईट काम. रान ओलं, ट्रॅक्टर आत येत नाही, ट्रॉल्या बांधावर. फडापासून ट्रॉलीपर्यंत दीडेकशे पावलं, ढेकळांतून. मोळी पंधरा-वीस किलोची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी लाकडी, फूटभर रुंद, दवानं आणि चिखलानं गुळगुळीत. ट्रॉली भरत जाते तशी फळी उभी होत जाते. गेल्या हंगामात या टोळीतली एक बाई वरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याचे पैसे मुकादमानं दिले आणि उचलीत लिहिले.

बायका एका ओळीत चढतात, पुरुष वर उभे राहून रचतात. मावशीच्या मी खेपा मोजायला लागलो आणि चाळिसाला सोडून दिलं.

यंत्र शेजारी अजून चालू आहे. दिवे लागलेत. सात एकरांतलं तीन एकर मोकळं झालंय.

ट्रॅक्टरवाला कमरेवर हात ठेवून तिकडं बघत होता. म्हणाला, "ह्या खालच्या फडात ते आलं असतं ना, तर रुतून बसलं असतं. क्रेन आणावी लागली असती." ज्या पुरानं मालकाचा ऊस झोपवला, त्याच पुरानं बारा कोयत्यांना अडीच एकरांचा फड मिळवून दिला. पुढच्या साली मालक सरी साडेचार फुटांची करणार आहेत. आताची तीन फुटांची आहे.

रात्री ८.३५

दोन्ही ट्रॉल्या भरल्या. वर दोर आवळले. ट्रॅक्टर कारखान्याकडं निघाला; तिथं रांग किती असेल त्यावर तो पहाटे येणार की दुपारी. तो आला नाही तर उद्याची भरणी रात्रीत जाते. थांबलेल्या तासांचे पैसे नाहीत.

टोळी चालत कोपीवर आली. मावशीनं आल्या आल्या चूल पेटवली. मामा पाचटावर आडवे झाले. अंघोळ उद्या, पाणी लांब आहे.

रात्री ११.२०

मालकांच्या मोबाइलवर कारखान्याचा मेसेज आला. त्यांनी तो मुकादमाला पाठवला, मुकादमानं टोळीच्या ग्रुपवर टाकला. निव्वळ वजन २१.३८० टन.

बारा कोयत्यांत वाटले तर जोडीला एक टन ७८० किलो. गुणिले ३६७, सहाशे चोपन्न रुपये. माणशी तीनशे सत्तावीस. पहाटे पाच ते रात्री साडेआठ. जुना दर असता तर जोडीला चारशे अठ्ठ्याऐंशी पडले असते. मुकादमाचं आजचं कमिशन दीड हजाराच्या थोडं वर. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पण आजीच्या गावात काम निघालेलं नव्हतं.

शेजारच्या यंत्रानं दिवसात एकशे दहा टन तोडला. एवढा ऊस या हातांना द्यायचा तर बासष्ट कोयते लागले असते. कळंबात सध्या बासष्ट कोयते मागून मिळत नाहीत, हे मालक सांगतात, ट्रॅक्टरवाला सांगतो, मुकादमही सांगतो. दर कमी केला तर ते कुठून येतील, ते मात्र तिघांपैकी कुणी सांगत नाही.

चौतीस टक्क्यांचा करार तीन हंगामांचा होता. हा, २०२५-२६ चा, तिसरा हंगाम. कारखान्यांची धुराडी थंड झाली की त्याची मुदत संपणार होती, आणि नव्या दराची बैठक पुन्हा लागणार होती.